घाटातला नागराज वेगळा कसा झाला?

प्रश्न: आमच्या दोडामार्ग भागात नागराज, म्हणजे किंग कोब्रा, अधूनमधून निघतो. त्याची जात बदलली असं वाचलं. साप तर तोच आहे ना, मग डीएनए बघून नवीन नाव द्यायचं कशाला?

उत्तर: साप तोच आहे, आपण त्याला इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावावर खपवत होतो. 1836 ला कँटर नावाच्या प्राणीशास्त्रज्ञानं बंगालकडच्या सापावरून नागराजाचं वर्णन केलं आणि पुढं एकशे ऐंशीहून जास्त वर्षं भारतापासून फिलिपिन्सपर्यंतचे सगळे नागराज एकच जात म्हणून धरले गेले. सापांचे अभ्यासक गौरीशंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या सापांचा डीएनए तपासला तर 2021 मध्ये चार वेगळ्या शाखा दिसल्या. पण नुसत्या डीएनएवर ते थांबले नाहीत, म्युझियममधले जुने नमुने काढून अंगावरचे पट्टे वगैरे बघितलं, आणि 2024 ला चार जाती जाहीर केल्या. आपल्या पश्चिम घाटातल्याचं शास्त्रीय नाव ऑफिओफॅगस कालिंगा, मोठ्या सापाच्या अंगावर पट्टे 40 पेक्षा कमी, उत्तरेकडच्या जातीला साधारण 50 ते 70. बाकी दोन म्हणजे इंडोनेशियाच्या बाजूच्या सुंदा बेटांकडचा आणि फिलिपिन्समधल्या लुझोनचा.

आता नाव कशाला, तर हा साप पश्चिम घाट सोडून जगात कुठंच नाही. आधी हिशोब असा की इथले कमी झाले तरी थायलंडला आहेत, ईशान्येला आहेत, जात टिकेल. तो हिशोब आता चालत नाही, इथले संपले की जात संपली. आणि मादी पाला गोळा करून घरटं करते, त्यात अंडी घालते, असं घरटं बांधणारा दुसरा साप नाही, म्हणजे जमिनीवरचा पालापाचोळा आणि वरची दाट झाडी दोन्ही शाबूत पाहिजे. तिलारीच्या बाजूला जंगल तोडून रबर, अननस लावलं की पहिला फटका यालाच, माझं तरी हे स्पष्ट मत आहे.

दुसरं, औषधाचं. आपल्याकडे मिळणारं सर्पदंशाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेलं असतं, नागराज त्यात नाहीच. जाती वेगळ्या म्हटल्यावर कुठल्या नागराजाचं विष घेऊन औषध करायचं हे आधी ठरवावं लागणार. तोवर घरात निघाला तर लांब राहा, वनखात्याला फोन करा, आणि पकडलेला साप जवळच्याच जंगलात सोडायला सांगा, लांब कुठं नेऊ देऊ नका.