बाबा कसे गेले आणि बाबा कसे होते

पत्र: ताई, माझे बाबा तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर होते. वय 54. अठरा दिवसांपूर्वी पहाटे सरकारी निवासस्थानात बाथरूमच्या दाराशी पडलेले सापडले. पोस्टमॉर्टेम झालं, पण कारणापुढे 'मत राखून ठेवले' असं लिहिलंय आणि व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) ठेवलाय. जमिनीच्या एका दाव्यात पैसे घेतल्याचा अर्ज त्यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेला होता, चौकशी चालू होती. आता गाव म्हणतं, विष घेतलं नाहीतर कोणी दिलं. दादाला पत्रकार परिषद घेऊन सीबीआय चौकशी मागायची आहे. काका म्हणतात, कपाटातले कागद आणि डायरी बंबात घाला. आदल्या दोन रात्री पांढऱ्या गाडीतून एक माणूस आला होता, बाबा त्याच्याशी अंगणात बोलत होते. हे मी पोलिसांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर लाच खरी ठरेल का? बाबांनी खरंच पैसे घेतले असतील का?

उत्तर:

गावाने दोन प्रश्नांची एकच मोळी बांधली आहे आणि तुमच्या घरानेही ती तशीच डोक्यावर घेतली आहे. बाबा कसे गेले, हे डॉक्टर, प्रयोगशाळा आणि पोलीस ठरवतील. पैसे घेतले का, हा प्रश्न उच्च न्यायालयापुढे होता. एकाच्या भीतीने दुसऱ्यातलं काही लपवलंस, तर दोन्हीकडे तुझंच नुकसान होईल.

'मत राखून ठेवले' म्हणजे विषाचा संशय, असं नव्हे. हृदयविकाराने माणूस तास-दोन तासांत गेला, तर हृदयाच्या स्नायूवर उघड्या डोळ्यांना काही दिसत नाही. बदल दिसायला साधारण बारा तास लागतात, आणि पहिले काही तास तर सूक्ष्मदर्शकालाही फारसं सापडत नाही. रक्तवाहिन्यांतले अडथळे मात्र दिसतात. म्हणून ठाण्यात दोन गोष्टी विचार: व्हिसेरा न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत गेला का, आणि हृदय वेगळं पॅथॉलॉजीकडे गेलं का. व्हिसेरा म्हणजे जठर आतल्या द्रव्यासह, यकृताचा साधारण अर्धा किलोचा तुकडा, प्लीहेचा आणि मूत्रपिंडांचा भाग. हे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, हृदय 10 टक्के फॉर्मलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या रसायनात). घोळ होतो तो इथेच. हृदय मिठात गेलं तर पेशींची तपासणी बिघडते, आणि व्हिसेरा फॉर्मलिनमध्ये गेला तर विषाच्या चाचण्या अवघड होतात. त्याहून नेहमीचा घोळ साधा आहे: बरण्या सीलबंद होऊन ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतच पडून राहतात, कारण त्या घेऊन जायला माणूस मोकळा नसतो. तेव्हा 'पाठवलाय' एवढ्यावर परत येऊ नकोस. जावक क्रमांक, तारीख आणि प्रयोगशाळेची पोच माग. अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक, इन्क्वेस्ट पंचनामा (मृतदेहाचा पोलिसांनी केलेला पंचनामा) आणि पोस्टमॉर्टेम अहवाल यांच्या प्रतींसाठी अर्ज कर. ही चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली चालते. जुन्या फौजदारी संहितेत ते 174 होतं, ठाण्यात अजून त्याच आकड्याने बोलतात.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, म्हणजे तुमच्याकडे तीन दिवस आहेत. रुग्णालयाने किंवा पोलिसांनी कळवलं असेल असं धरून चालू नका, निबंधकाकडे जाऊन खात्री करा. दाखल्यावर काहीतरी भलतं छापून येईल अशी धास्ती आईला असेल तर ती काढून टाक. नातेवाइकांना मिळणाऱ्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापत नाहीत, कायद्यानेच तशी मनाई आहे. दहा प्रती घे.

आता पांढरी गाडी. हे सांगायचं, आणि लेखी सांगायचं. उशीर का झाला तेही एका ओळीत लिही, नाहीतर पुढे तोच प्रश्न तुला उलटून विचारतील. पोलिसांना जबाब हवा असेल तर स्त्री राहते तिथे येऊन तो घ्यावा लागतो, ठाण्यात बोलावलं तर जायची सक्ती नाही. अर्जात डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. असं:

'अमुक तारखेस रात्री सुमारे साडेदहा वाजता एक पांढरी चारचाकी फाटकाबाहेर थांबली. चालक उतरला नाही. मागून उतरलेल्या इसमाशी वडील अंदाजे दहा मिनिटे अंगणात बोलले. संभाषण मला ऐकू आले नाही. इसम परिचयाचा नाही.'

'धमकी द्यायला आला असावा' नको आणि 'पैसे द्यायला आला असावा' तर नकोच. रात्री कोणी भेटून गेला एवढ्याने लाच सिद्ध होत नाही. तो पक्षकार होता की आतेभाऊ, हे तपासात कळेल. तू लपवलंस आणि शेजारच्या कॅमेऱ्यात गाडी सापडली, तर मात्र घराने काहीतरी दडवलं एवढंच लोकांच्या लक्षात राहील.

कॅमेऱ्यावरून आठवलं, सगळ्यांत घाईचं काम हेच. बहुतेक यंत्रणांत काही आठवड्यांत जुनं चित्रण पुसून नवं चढतं. निवासस्थान, न्यायालयाचं आवार, कोपऱ्यावरचं दुकान, सगळीकडचं चित्रण जतन करावं असा अर्ज उद्याच ठाण्यात दे आणि आवक शिक्का घे. धनबादचे न्यायाधीश उत्तम आनंद 28 जुलै 2021 रोजी पहाटे रिक्षाच्या धडकेने गेले, तेव्हा तो अपघातच वाटला होता. चित्रण बघितल्यावर प्रकरण फिरलं आणि 2022 मध्ये दोघांना जन्मठेप झाली. तुझ्या बाबांचं तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण चित्रण उरलं नाही तर काहीच म्हणता येणार नाही.

बाबांचा फोन बंद करून पाकिटात ठेव, वर तारीख घाल. पिन माहीत असला तरी आत चाळू नकोस. पोलिसांनी नेला तर जप्ती पंचनाम्यात आयएमईआय क्रमांक (फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आला की नाही ते बघ. त्यांच्या कार्डाने एटीएममधून पैसे काढू नका, घरखर्चालासुद्धा. मृत्यूनंतरची प्रत्येक नोंद उद्या संशयाची होते.

काकांना मायेने, पण ठाम सांग की बंबात काहीही जाणार नाही. पुरावा होऊ शकणारा कागद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. आज ज्या घरावर फक्त संशय आहे, तिथे उद्या खराखुरा आरोपी असेल. न्यायाधीश निकाल लिहायला फायली घरी आणतात, त्या सापडतील. दावा क्रमांक आणि पानसंख्येची यादी दोन प्रतींत कर, प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या कार्यालयाला कळव, आणि ताबा देताना एका प्रतीवर पोच घे. टंकलेला पण न सुनावलेला निकाल सापडला तर तो कोणत्याही वकिलाला दाखवू नकोस, फोटोही काढू नकोस. आधीच्या न्यायाधीशाने लिहून ठेवलेला निकाल नंतरचे न्यायाधीश सुनावू शकतात, त्यामुळे त्या कागदाला किंमत आहे आणि त्यासाठी लोक दारात येतील.

लाचेच्या चौकशीचं म्हणशील तर बाबांपुरती ती संपली. त्यांना आता दोषी ठरवता येत नाही आणि क्लीन चिटही मिळत नाही. तिच्यासाठी अर्जांवर अर्ज करत वर्षं घालवू नका. नुसती चौकशी चालू होती म्हणून आईचं कुटुंब निवृत्तिवेतन अडत नाही. कोणती योजना लागू होते ते नेमणुकीच्या तारखेवर ठरतं, 1 नोव्हेंबर 2005 ही महाराष्ट्रात जुन्या आणि नव्या निवृत्तिवेतन योजनेमधली मोठी रेघ. विमा तीन वर्षांहून जुना असेल तर मूळ रकमेसाठी व्हिसेरा अहवालापर्यंत थांबायचं कारण नाही, अपघात लाभासाठी मात्र थांबावं लागेल. एक सावधगिरी: आईच्या नावावर जमीन किंवा फ्लॅट असेल, तर मालमत्तेबद्दलच्या कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तिने फौजदारी वकिलाला भेटावं. गेलेल्या माणसावर खटला चालत नाही, पण मदत केल्याचा आरोप जिवंत माणसावर होऊ शकतो.

दादाने पत्रकार परिषद आत्ता घेऊ नये. अहवालाआधी 'खून' म्हटलं आणि हृदयविकार निघाला, तर बाबांच्या बाजूने पुढे काही बोलायची सोय राहणार नाही. शंका असेल तर आधी निरीक्षक, मग पोलीस अधीक्षक, तरीही हललं नाही तर दंडाधिकारी, हा क्रम धरावा. बदनामीचे मेसेज तारखेसह साठवून ठेवा, उत्तर देऊ नका.

राहिला शेवटचा प्रश्न. 2008 मध्ये चंदीगडला एका न्यायमूर्तींच्या दारात 15 लाख रुपये चुकून पोचले आणि त्या प्रकरणात दुसऱ्याच न्यायमूर्ती, निर्मल यादव, यांच्यावर खटला झाला. त्या निर्दोष सुटल्या 2025 मध्ये. उत्तर यायला तेवढं आयुष्य लागलं, बाबांना ते मिळालं नाही. न्यायाधीशांना दरवर्षी मालमत्तेचं विवरण द्यावं लागतं, त्याच्या प्रती घरात असतील. पगार, कर्जाचे हप्ते, घेतलेली मालमत्ता हे शेजारी शेजारी मांडून तुला पाहता येईल. त्यातून मालमत्तेचं कळेल. रोख रकमेचं कळणार नाही, आणि ते मनाने कसे होते हे तर नाहीच. हे आत्ता करू नकोस, व्हिसेरा अहवाल येऊ दे. डायरीचं आईला विचारून ठरव. वाचलीस तर एकही पान फाडू नकोस, आणि पोलिसांनी मागितली तर पोच घेऊन दे.