भाड्याच्या कॅमेऱ्याला विमा आहेच, मग निर्मात्याने वेगळा का काढायचा?

तुमचा प्रश्न असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात 22 दिवसांचं मराठी चित्रपटाचं शूट, कॅमेरा आणि लाइट कोल्हापूरहून भाड्याने. भाडेवाला म्हणतोय, "आमच्या सामानाला फुल्ल इन्शुरन्स आहे, निवांत राहा." मग वेगळा विमा लागतो का, आणि काढलाच तर कशाकशाचा?

लागतो. त्याचा विमा त्याला वाचवतो, तुम्हाला नाही. बेळगावात एका प्रॉडक्शन मॅनेजरशी माझा याच मुद्द्यावर कित्येक वर्षांचा वाद आहे. "एकाच कॅमेऱ्याचे दोनदा पैसे कशाला भरायचे?" हे त्याचं पालुपद. मी शूटचे हिशेब सांभाळतो, म्हणून ज्या क्लेमची कागदपत्रं माझ्या हातून गेली तोच सांगतो.

कणकुंबीच्या पठारावर मे अखेरचं शूट होतं. चारच्या सुमारास वळवाचं वारं सुटलं. 12 बाय 12 फुटांची फ्रेम, सिल्क (उजेड मऊ करणारं कापड) लावलेली, दोन स्टँडवर उभी होती. असल्या कापडात वारा भरला की त्याचं शीड होतं. प्रत्येक स्टँडला निदान दोन-तीन सँडबॅग आणि वरच्या कोपऱ्यांतून खाली खुंट्यांना दोर हवेत. गाडीत सँडबॅग होत्या सहा. चार लाइटच्या स्टँडला गेल्या, फ्रेमच्या वाट्याला एकेक आली. शॉट पाच मिनिटांचा म्हणून दोर बांधलेच नाहीत. फ्रेम उलटली ती थेट ट्रायपॉडवर. लेन्सची पुढची काच गेली, माउंटची रिंग वाकली, व्ह्यूफाइंडरचा हात तुटला. दुरुस्तीचं एस्टिमेट 11,40,000 रुपये.

भाडेवाल्याच्या विमा कंपनीने 5 टक्के एक्सेस (क्लेममधला विमाधारकाने स्वतः सोसायचा वाटा), म्हणजे 57,000 कापून त्याला 10,83,000 दिले. ते 57,000 भाडेवाल्याने निर्मात्याकडून घेतले. वर दुरुस्तीच्या 21 दिवसांचं भाडं, रोज 14,000 प्रमाणे 2,94,000. डिलिव्हरी चलनाच्या मागे बारीक अक्षरात अटच होती: सामान चालू स्थितीत परत येईपर्यंत भाडं सुरू. खाली सही प्रॉडक्शनच्या पोराची. इथवर 3,51,000 झाले आणि सगळ्यांना वाटलं, मिटलं.

आठ महिन्यांनी विमा कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, निर्मात्याच्या नावाने, 10,83,000 ची. याला सब्रोगेशन म्हणतात. विमा कंपनी आपल्या ग्राहकाची भरपाई करते आणि मग ज्याच्या चुकीने नुकसान झालं त्याच्याकडून वसुलीचा ग्राहकाचा हक्क तिच्याकडे येतो. विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालात एक ओळ होती, "फ्रेमला पुरेसं वजन व दोर नव्हते." तेवढी ओळ पुरली. कॅमेऱ्यासोबत आलेला अटेंडंट भाडेवाल्याचाच माणूस होता आणि वारं दिसत असून त्याने कॅमेरा हलवला नाही, हा मुद्दा लावून धरल्यावर रक्कम कमी झाली. तरी 6 लाख हप्त्याहप्त्याने भरावेच लागले. तो मॅनेजर अजून म्हणतो की नशीब वाईट होतं. नशीब नव्हे, पॉलिसीवर निर्मात्याचं नाव नव्हतं.

म्हणून निर्मिती संस्थेच्या नावाने प्रॉडक्शन पॅकेज पॉलिसी घ्या. त्यात भाड्याने आणलेल्या सामानाचा भाग आणि दुरुस्तीच्या काळातल्या चालू भाड्याचा भाग, हे दोन्ही स्वतंत्र लिहिलेले बघा. दुसरा भाग मागितल्याशिवाय सहसा कोणी घालत नाही. रक्कम कमी दाखवून प्रीमियम वाचवू नका. 80 लाखांचं सामान 50 लाखांचं दाखवलंत आणि 8 लाखांचं नुकसान झालं, तर कंपनी त्याच प्रमाणात देते: हातात 5 लाख, त्यातूनही एक्सेस वजा. भाडेवाल्याकडून प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर आणि आजची नवी किंमत लेखी घ्या, तीच यादी पॉलिसीला जोडा.

पण कॅमेऱ्याच्या आधी माणसं. गावातली पोरं रोजावर लाइट उचलायला, जनरेटरच्या केबल ओढायला घेता ना, त्यांचा कामगार नुकसानभरपाईचा विमा पहिल्या दिवसापासून हवा. 1923 च्या कायद्यातून चालत आलेलं सूत्र असं: मृत्यू झाल्यास मासिक पगाराच्या निम्मे गुणिले वयाचा गुणक. 2020 मध्ये ठरलेली 15,000 ची पगारमर्यादा धरली तर तिशीच्या माणसासाठी 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. ठेकेदाराने आणलेला माणूस असला तरी मागणी तुमच्यावर येऊ शकते. रोज मस्टर ठेवा: नाव, वय, काम, रोजाची रक्कम, सही. मस्टरमध्ये नाव नसलेल्या माणसासाठी क्लेम लढवणं फार अवघड जातं.

कलाकारांचं थोडक्यात. पॉलिसीत नावं जाहीर केलेल्यांचंच आजारपण, अपघात धरतात. वयस्कर नट असेल तर वैद्यकीय तपासणी आधी करून घ्या. जुना आजार लपवू नका, क्लेम तिथेच बुडतो. शर्यतीचा, पाण्यातला, उंचावरचा सीन असेल तर तो आधी लेखी कळवा.

फुटेजचा विमा कार्ड किंवा डिस्क खराब झाल्यावर पुन्हा शूट करण्याचा खर्च देतो. चुकीचं एक्स्पोजर, बिघडलेला आवाज, चुकलेलं लाइटिंग त्यात बसत नाही. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी होऊन पडताळणी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि त्या दोन डिस्क एकाच गाडीतून न्यायच्या नाहीत.

गाड्यांकडे इथे कुणी लक्ष देत नाही. मित्राची पांढऱ्या पाटीची बोलेरो भाडं देऊन वापरलीत तर खासगी पॉलिसी ते धरत नाही. महाराष्ट्र पासिंगची पिवळ्या पाटीची गाडी असेल तर कर्नाटकचा परमिट आणि टॅक्स भरल्याची पावती गाडीतच ठेवा. ड्रोन 250 ग्रॅमच्या वरचा असेल तर 2021 च्या ड्रोन नियमांनुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र असल्याने उड्डाणाचा नकाशा त्या सकाळी पुन्हा बघा.

आणि आपल्या सीमाभागाचं खास म्हणजे बंद. 6 डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, ते सगळ्यांना आठवत असेल. संप-दंगलीचं कलम पॉलिसीत असेल तर फुटलेली काच, जळालेलं सामान भरून मिळतं. बंदमुळे बुडालेली शिफ्ट मात्र त्यात येत नाही. त्यासाठी प्रशासनाच्या मनाईमुळे लोकेशन बंद झाल्याचं वेगळं कव्हर मागावं लागतं, आणि जे आधीच जाहीर आहे ते त्यातही धरत नाहीत. 1 नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन) आणि बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस शेड्यूलमधून काढूनच टाका.

काही घडलंच तर सामान उचलू नका, पुसू नका. पडलेल्या जागीच सीरियल नंबर दिसेल असे फोटो, वेळ टाकून त्या दिवसाच्या रिपोर्टमध्ये नोंद, त्याच संध्याकाळी विमा कंपनीला ईमेल. सर्व्हेअर बघेपर्यंत दुरुस्तीला पाठवायचं नाही. चोरी असेल तर एफआयआर कन्नडमध्ये मिळेल. सर्व्हेअर कोल्हापूर-पुण्याचा असेल तर इंग्रजी भाषांतर लगेच करून जोडा, महिना वाचतो. क्लेम अडवला आणि ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर पॉलिसी पुण्याची असली तरी तुम्ही बेळगावचे रहिवासी असाल तर बेळगावच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते.

एक राहिलं. भाडेवाला त्याच्या पॉलिसीत तुमचं नाव सहविमाधारक म्हणून घालून घेत असेल आणि तुमच्याविरुद्ध वसुलीचा हक्क सोडल्याचं विमा कंपनीचं एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडलेली लेखी दुरुस्ती) हातात देत असेल, तर सामानाचा वेगळा विमा नाही काढला तरी चालेल. भाडेवाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज म्हणजे एंडोर्समेंट नव्हे. चालू भाडं, माणसं आणि फुटेज तेव्हाही तुमच्याच गळ्यात.

प्रीमियमचा आकडा मी देत नाही. तो सामानाची यादी, स्टंट, महिना आणि एक्सेस यांवर ठरतो. ब्रोकरकडून तीन कोटेशन घ्या आणि तिन्हींत एक्सेसची ओळ आधी वाचा. विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबीप्रमाणे प्रीमियम भरल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. म्हणून सामानाची गाडी कोल्हापुरातून निघायच्या आदल्या दिवशी पैसे भरा. पॉलिसीची सुरुवातीची तारीख मुहूर्ताची नको, गाडी निघण्याची घाला आणि प्रवासातलं नुकसान त्यात धरलंय का ते विचारा. चोर्ल्याचा घाट उतरून एखादा सीन गोव्यात करणार असाल तर तेही लोकेशन यादीत आत्ताच टाका.