दोन वर्षांच्या मुलाबरोबर राहण्यात आनंद कसला असतो?

आपले बाळ सव्वा वर्षाचे आहे, ‘आता खरा त्रास सुरू होईल’ असे सगळे बजावतात, आणि या वयात आईवडिलांना आनंद तरी कशाचा होतो, असे आपण विचारले आहे. त्रास होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझी मुलगी आता अडीच वर्षांची आहे आणि आमच्या घरातली खालची एकही फळी गेल्या कित्येक महिन्यांत जागच्या जागी राहिलेली नाही. तरीही मला सर्वाधिक आनंद होतो तो आम्ही तिला कधीच न दिलेली एखादी गोष्ट तिच्यापाशी अचानक सापडते तेव्हा.

उदाहरणार्थ, वरण वाटीतच हवे आणि त्याचा एक थेंबही भातावर सांडता कामा नये, हा नियम आमच्या घरात तिच्यापूर्वी कोणीही केलेला नव्हता. आम्ही सगळे कालवून जेवणारे. आलेल्या पाहुण्यांच्या चपला जोडीने लावून ठेवायच्या आणि निघताना ज्याच्या त्याच्या पायाशी आणून द्यायच्या, ही पद्धतही तिचीच. आमच्या आईच्या मते ती अगदी आत्यावर गेली आहे. आजोळी हाच मान मामाला मिळतो. दोन्हीकडच्या दाव्यांत थोडेफार तथ्य असेलही, पण वरणाच्या वाटीचे श्रेय अजून कोणी मागितलेले नाही.

हे सारे दीड वर्षाच्या पुढे ठळक होऊ लागले. तोपर्यंत आरशातल्या मुलीला ती वेगळीच कोणी समजून हसत असे. एके सकाळी आजीने लावलेली गालावरची तीट तिला आरशात दिसली आणि तिचा हात काचेकडे न जाता सरळ स्वतःच्या गालाकडे गेला. ब्यूला ॲम्स्टरडॅम या संशोधिकेने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका असाच आहे: मुलांच्या नाकावर लाल ठिपका लावून त्यांना आरशासमोर आणायचे आणि ती ठिपका कुठे शोधतात हे पाहायचे. दोन वर्षांच्या जवळ आलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी आरशातली आकृती आपलीच असल्याचे ओळखले होते. तीट लावणाऱ्या आपल्या आज्यांसमोर हा प्रयोग पिढ्यानपिढ्या घडत आला असणार. नोंद तेवढी कोणी ठेवली नाही.

स्वतःची ओळख पटली की दुसऱ्याचीही पटू लागते, असे मला वाटते. तिला कारले मुळीच आवडत नाही. पण पानात कारल्याची भाजी दिसली की तोंड वाकडे करून ती वाटी आजोबांकडे सरकवते, कारण ते ती आवडीने खातात. बेटी रेपाकोली आणि ॲलिसन गोपनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये याविषयी एक सुंदर प्रयोग मांडला. प्रयोग करणाऱ्या बाईंनी मुलांसमोर ब्रोकोली चवीने खाल्ली, बिस्किटे पाहून नाक मुरडले आणि मग हात पुढे करून काहीतरी मागितले. चौदा महिन्यांच्या मुलांनी बहुधा स्वतःला आवडणारी बिस्किटेच दिली. अठरा महिन्यांच्या मुलांनी मात्र बाईंची आवड ध्यानात घेऊन ब्रोकोली दिली. दुसऱ्याची आवड आपल्यासारखी नसते, हे कित्येक मोठ्यांना लग्नानंतरही उमगत नाही.

स्वभावाच्या बाबतीत मात्र आनंदाबरोबर थोडा संयमही लागतो. बागेत नेले की आमची मुलगी बराच वेळ माझ्या पायाला बिलगून घसरगुंडीवरची मुले न्याहाळत राहते, आणि मग कोणीही न सांगता जाते ती अंधार पडला तरी परत यायला तयार नसते. ‘तिला जरा धीट करा’ हा सल्ला आम्हांला वारंवार मिळतो. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून अनेक वर्षे मुलांच्या स्वभावाचा अभ्यास केला. त्यांत सुमारे १५ टक्के मुले अशीच हळूहळू रुळणारी आढळली. मुलाचा स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, याला त्यांनी फार महत्त्व दिले, आणि मला ते पूर्णपणे पटते. म्हणून मी तिला पुढे ढकलत नाही. तिच्याबरोबर उभा राहतो, आणि कोणते मूल भांडखोर, कोणते दुसऱ्याला पाळी देते, हे तीच मला हळू आवाजात सांगते.

‘नाही’ या शब्दाचा सुकाळ आपल्याकडेही होईल. आंघोळीला नाही, कपड्यांना नाही, आणि बाहेर जायचे का असे विचारले तर चपला घालता घालताही नाही. त्याची फार काळजी करू नये. दोन सदरे पुढे धरून ‘यातला कोणता?’ असे विचारले की निम्मे भांडण मिटते.

सध्या मात्र आम्ही तिच्या विनोदांवर जगतो आहोत. खिडकीत कावळा आला की ती त्याला मुद्दाम ‘म्याऊ’ म्हणते आणि आम्ही फसतो का, हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहते. आजीने एकदा कौतुकाने तिची री ओढत ‘हो गं, केवढी मोठी माऊ!’ असे म्हटले, तेव्हा ती चांगलीच रागावली आणि तो कावळाच आहे, हे तिने आजीला दोनदा ठणकावून सांगितले.