बाळाला पहिल्यांदा पूलमध्ये नेताना
अगं बाळाला पूलमध्ये नेऊ का विचारतेस, सहा महिन्यांचं झालंय ना मग ने की, फक्त पाणी आधी हात घालून बघ, आमच्या घोडबंदरच्या सोसायटीत जानेवारीत सकाळी एवढं गार असतं की मीच उतरत नाही. बाळाला साधारण 32 डिग्री तरी हवं. पहिल्या दिवशी 10 मिनिटं बास, कुडकुडायला लागलं की लगेच बाहेर काढून टॉवेलात गुंडाळायचं. साधा डायपर नको, पाणी पिऊन फुगतो, आमचा तर फाटलाच आणि सगळीकडे जेली!! स्विम डायपर घे. आणि ती गळ्यात घालायची फुगवलेली रिंग अजिबात नको, कोणी काहीही म्हणू दे, बाळाला धरायला तुझाच हात हवा, फोन बॅगेत. जुलाब झाले असतील तर थांबल्यावर 48 तास तरी नेऊ नको.