एकदा आषाढात जा, एकदा एप्रिलमध्ये

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं (धातूवर रंगाची पूड लावून भट्टीत भाजायचं) छोटं युनिट आहे. एकच पाळी चालते. करारमागणी, म्हणजे वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी, १२५ केव्हीए, महिन्याला साधारण १८ हजार युनिटं लागतात. मोठी गिऱ्हाइकं हल्ली ‘वीज कुठली वापरता?’ असं विचारतात. मुलगा म्हणतो, साताऱ्याकडे जाऊन पवनचक्की बघून येऊ. नुसतं बघून धंद्याला काय उपयोग?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, मुलाचं ऐका. फक्त एकदा जाऊन थांबू नका.

वागळे इस्टेटमध्ये माझं वर्कशॉप होतं तेव्हा मी चाळकेवाडीला पहिल्यांदा गेलो तो आषाढात. सज्जनगड, ठोसेघर मागे टाकून पठारावर आलो तर गाडीचं दार उघडेना, इतका वारा. धुक्यात पंखे दिसत नव्हते, नुसती पात्यांची घरघर. तिथल्या तंत्रज्ञाने मनोऱ्याच्या बुडाचं दार उघडून पॅनेल दाखवलं. आकडा सारखा वरखाली होत होता. मी हरखलो, तिथेच चक्कीत हिस्सा घ्यायचं ठरवून टाकलं.

नशिबाने सही करण्याआधी एप्रिलमध्ये पुन्हा गेलो. तेच पठार, तोच पंखा, भर दुपारी ठप्प. मीटर तर उलट थोडी वीज ओढत होता, कारण थांबलेल्या चक्कीलाही स्वतःच्या यंत्रणेसाठी वीज लागते. त्या दिवशी मला या धंद्याचं गणित कळलं.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद आठपट होते. निम्मा झाला की आठवा हिस्सा उरतो. साधारण सेकंदाला तीन-चार मीटर वारा असल्याशिवाय चक्की वीज देत नाही आणि पंचवीसच्या पुढे बहुतेक चक्क्या स्वतःला थांबवतात. आपल्याकडे भरघोस वीज येते ती जून ते सप्टेंबर. तुमची भट्टी मात्र बारा महिने पेटते, तीही दिवसाच. म्हणून पाती बघून झाली की लॉगबुक मागा: महिनावार युनिटं, दिवसाची किती, रात्रीची किती, बिघाडाने बंद किती तास. गेल्या तीन वर्षांची.

अख्खी चक्की तुम्हाला नकोच. एक मेगावॉटची चक्की वर्षभरात क्षमतेच्या २० टक्के चालली असं धरलं तरी साडेसतरा लाख युनिटं होतात. तुमची गरज दोन लाख सोळा हजारांची, म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा. काही उद्योग मिळून प्रकल्प घेऊ शकतात आणि त्याची वीज वीज कंपन्यांच्या तारांतून आपापल्या कारखान्यात वापरू शकतात. विद्युत नियम २००५ प्रमाणे भांडवलात त्यांचा मिळून किमान २६ टक्के वाटा हवा आणि वर्षाच्या विजेपैकी किमान ५१ टक्के त्यांनीच वापरायला हवी. हिस्सा नको असेल तर नुसती हरित वीज विकत घेण्याची वाट २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी १०० किलोवॅटपासून पुढच्या ग्राहकांना खुली केली. तुमची १२५ केव्हीएची मागणी किलोवॅटमध्ये मोजली तरी साधारण शंभराच्या वर जाते, म्हणून तुम्ही त्यात बसता.

दलाल प्रति युनिट दर सांगेल तेव्हा विचारा, यात वहन आकार (गावातल्या वितरणाच्या तारा वापरायचं भाडं), पारेषणाचा (लांबच्या उच्चदाबाच्या तारांचा) खर्च आणि वाटेतली गळती धरली आहे का? पावसाळ्यातली जादा वीज वीज कंपनीकडे तुमच्या नावावर किती दिवस जमा राहते? उत्तर लेखी घ्या. मला तोंडी मिळालं होतं आणि कागदावर त्यातलं निम्मंही नव्हतं.

जाण्याआधी चक्की चालवणाऱ्या कंपनीची परवानगी काढा, कुंपणाच्या आत तसं शिरू नका. एप्रिलच्या खेपेत लॉगबुकाचे आकडे उतरवून आणलेत की मागच्या बारा बिलांसोबत मला पाठवा, शेजारी शेजारी ठेवून बघू.