फिकट हिरवा बिनधास्त द्या, पण आधी ट्यूब काढा

ताई, तुमचा हॉल 12 बाय 14 चा, खिडकी पश्चिमेला. फिकट हिरवा द्यायचं तुमच्या मनात आहे, पण घरचे म्हणतात दवाखाना वाटेल, म्हणून कुठली शेड घ्यावी असं विचारलंय. शेडचं सांगतोच. पण 'दवाखाना' वाचलं आणि राहवलं नाही. हा शब्द मी आमच्या दाजींकडून कित्येक वर्षं ऐकतोय.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आमच्या हॉलच्या खिडकीला टेकलं होतं. पाणी उतरल्यावर कंबरेइतका गिलावा पाडून नवा केला. पेंटर म्हणत होता दिवाळीआधी उरकू. मी भिंत वाळू दिली आणि 2020 च्या फेब्रुवारीत काम काढलं. आईला विचारलं तर म्हणाली, डोळ्याला गार वाटेल असं काहीतरी कर. शेडकार्डावरून फिकट हिरवा मीच निवडला. मार्चच्या सुरुवातीला दाजी जेवायला आले. उंबऱ्यातच थांबले, एकदा भिंतीकडं, एकदा ट्यूबकडं बघितलं आणि म्हणाले, "काय पावणं, घर रंगवलं का दवाखाना काढला?" सगळे हसले. दाजींना उलट बोलायची आमच्यात पद्धत नाही, मी पाण्याचा तांब्या पुढं केला. खरं सांगायचं तर त्या भिंतीपुढं बसलेल्या आईचा चेहरा मलाही आजारी दिसत होता.

मग लॉकडाऊन लागला. एप्रिलात ट्यूब गेली, दुकानं बंद. माळ्यावर साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब सापडला, तो लावला. आई ताटात तांदूळ निवडत बसली होती. मान वर करून म्हणाली, "परत रंग दिलास व्हय रं?" भिंत कोवळ्या हुरड्यासारखी दिसत होती. रंग तोच, हातही तेच दोन.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. आधी दिवा ठरवायचा, मग रंग. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा. 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबमध्ये निळसर झाक असते, तिच्याखाली फिकट हिरवा मेल्यासारखा दिसतो. 3000 च्या आसपासचे एलईडी घ्या, आकडा खोक्यावर छापलेला असतो.

आणि घरच्यांना हेही सांगा. 1914 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हॅरी शर्मन नावाच्या सर्जनने शस्त्रक्रियेची खोली हिरवी केली, कारण लाल रक्तावरून नजर उचलून पांढऱ्या भिंतीकडं पाहिलं की डोळे दिपायचे. तो हिरवा पालकासारखा गडद होता. आपल्या फिकट रंगाचा त्याच्याशी काय संबंध? दाजींना मी हे कधी बोललो नाही, इथं लिहितोय.

आता शेड. कार्डावर जो गोड, स्वच्छ पिस्ता वाटतो तो घेऊ नका. चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळं हॉलमध्ये तो दुप्पट हिरवा होतो. थोडी राखी झाक असलेला, कार्डावर मळकट वाटणारा घ्या, तोही एक पायरी फिका. छोटा सँपल डबा आणून दोन बाय दोनच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, वाळू द्या आणि तो पुठ्ठा तीन दिवस प्रत्येक भिंतीला टेकवून बघा. तुमच्या खिडकीतून दुपारनंतर पिवळं ऊन येईल, त्यात बहुतेक हिरवे छानच दिसतात. म्हणून खरी परीक्षा सकाळी आणि ढगाळ दिवशी. आपल्याकडं पावसाळ्यात महिनोन् महिने तोच उजेड असतो. छत पांढरंच ठेवा.

जमीन तांबड्या कोब्याची असेल तर मात्र जपून, तांबड्याशेजारी हिरवा आणखी उठतो. आणि भिंतीला ओल असेल तर कुठलीच शेड टिकणार नाही, खार फुटून पोपडे निघतात. हे खरं तर पहिलंच सांगायला हवं होतं.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पुन्हा भिंती रंगवायची वेळ आली. दाजी म्हणाले, आता तरी क्रीम दे. शेडचा नंबर मी स्विचबोर्डाच्या झाकणामागं लिहून ठेवला होता, तोच दिला.