कापसाचा जनुकीय नकाशा दाखवताना

डेटाबेसमध्ये नकाशा लावताना रंगांपासून सुरुवात करू नकोस. आधी लिंकेज ग्रुपची, म्हणजे एकत्र वारशाने जाणाऱ्या जनुकांच्या गटांची (साधारण एक गट म्हणजे एक गुणसूत्र), नावं नीट कर. इथे नागपुरात आपल्या हाती बहुतेक अमेरिकन कापूसच येणार. त्याचे ग्रुप ए०१ ते ए१३ आणि डी०१ ते डी१३, एकूण २६. कुणी नुसतं ए१, ए२ असं भरलं, की यादीत ए१ नंतर थेट ए१० येतो आणि बघणाऱ्याचा गोंधळ उडतो. शून्य लावूनच भर.

मग एकक. सेंटीमॉर्गन हे पुनर्संयोगाचं, म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीचं, माप आहे, १ म्हणजे साधारण १ टक्का. त्याला बेस पेअरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रत्यक्ष लांबीच्या, पट्टीवर बसवू नकोस, दोन्ही नकाशे शेजारी ठेवून समान मार्कर (डीएनएवरच्या ओळखखुणा) रेषांनी जोड. सेंट्रोमिअरजवळ, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाजवळ, पुनर्संयोग कमी होतो, म्हणून तिथे मार्करची दाटी होते, नावं एकमेकांवर चढतात. कृपा करून ते मार्कर गाळू नकोस! झूम दे, नावं जवळ गेल्यावरच दिसू देत.

क्यूटीएलला, म्हणजे एखाद्या गुणावर परिणाम करणाऱ्या डीएनएच्या भागाला, ठिपका नको, सुरुवात-शेवट दाखवणारा पट्टा दे, शिखर, म्हणजे सर्वात ठळक पुरावा असलेली जागा, वेगळं दाखव. धाग्याच्या लांबीवर काम करणाऱ्याला तो पट्टा किती रुंद आहे हेच आधी बघायचं असतं. रंग शेवटी, मार्करच्या प्रकारानुसार. लाल-हिरवी जोडी मात्र टाळ, काहींना तो फरक दिसत नाही.